रोपं लावून झाली, आता डोंगरासाठी खरंच काय करता येईल? (नाशिक)

पाथर्डीफाटा_८१

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा काहीतरी विचारतोय त्यामुळे जरा लांबण लागेल.

मागच्या जुलैत आमच्या कंपनीतून वृक्षारोपणाला गेलो होतो, शहराबाहेरची एक टेकडी, साधारण साठ जण, टीशर्ट, बॅनर, पोह्यांचा नाश्ता, सगळं व्यवस्थित. दोन तासात पाचशे रोपं लावली. माझी मुलगी नऊ वर्षांची, ती पण आली होती, तिनं तिच्या रोपाला लाल दोरा बांधला, परत आल्यावर ओळखू यावं म्हणून. मग आपलं रोजचं सुरू झालं, शिफ्ट, शाळा, क्लास. ती अधूनमधून विचारायची, जाऊया जाऊया म्हणत राहिलो. शेवटी एप्रिलमधे गेलो तर अर्धी टेकडी काळी ठिक्कर, वणवा लागून गेलेला. तासभर फिरून जिवंत रोपं मोजली, अकरा. तिचं रोप तर सोडा, दोरा पण सापडला नाही. गाडीत बसल्यावर म्हणते, बाबा मधे कोणीच आलं नव्हतं का बघायला?

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये ते. मला महिन्यातले दोन रविवार नक्की देता येतील, सकाळी सहा ते दहा, पाऊस असो ऊन असो. फोटो वगैरे काही नको. पण जायचं कुठं, करायचं काय, परवानगी लागते का, वणव्याचं काही करता येतं का, आणि मुलीला बरोबर नेता येईल असं काम असतं का? आसपास असं नियमित काम करणाऱ्यांनी प्लीज सांगा. आम्ही दोघंही नवरा-बायको मुळात शहरातले, झाडांची नावं पण धड येत नाहीत, शिकायची तयारी आहे.

डोंगरभटक्या

दादा, मुलीनं एकदम मुद्द्याचं विचारलंय. मी अकरा वर्षं त्र्यंबक रोडच्या बाजूला डोंगरावर रविवारचं काम करतोय, त्यावरून सांगतो. रोप लावणं हे ह्या सगळ्यातलं सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कमी वेळाचं काम आहे. पुढची तीन वर्षं त्याला जगवायचं असतं आणि तिथंच माणसं कमी पडतात.

पहिली गोष्ट, नवीन टेकडी शोधू नका. जिथं आधीच कोणीतरी काम करतंय तिथं जाऊन त्यांच्या हाताखाली एक वर्ष काढा. सातपूरजवळच्या फाशीच्या डोंगरावरची देवराई तुम्हाला जवळ पडेल, २०१५ च्या ५ जूनला नाशिककरांनी वनखात्याच्या जागेवर तिथं हजारो देशी रोपं लावली आणि मुख्य म्हणजे नंतरही लोक जात राहिले, आज जाऊन बघा काय झालंय. दुसरं म्हसरूळच्या पुढचं बोरगड, २००८ मधे त्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, तिथं पक्षीमित्र, वनखातं आणि पायथ्याच्या तुंगलदऱ्याची मंडळी ह्यांनी मिळून तो डोंगर सांभाळलाय. ह्या दोन ठिकाणी एकेकदा नुसतं डोळे उघडे ठेवून फिरलात तरी अर्धे प्रश्न सुटतील.

परवानगी लागते. राखीव वन असेल तर गवताची काडी काढायची झाली तरी विचारूनच. आधी त्या बीटच्या (म्हणजे त्या भागाच्या) वनरक्षकाला, गार्डला भेटा, मग रेंज ऑफिसला आरएफओ साहेबांना, म्हणजे वनक्षेत्रपालांना, साधा अर्ज द्या, कोण, किती जण, कुठल्या दिवशी, काय काम. आमचा अनुभव असा की अर्ज द्यायला गेलं की पहिल्यांदा दोन चकरा होतात, पण सलग तीन-चार रविवार तुम्ही खरंच आलात हे दिसलं की गार्ड स्वतःच फोन करून बोलावतो. एका गार्डकडे केवढं तरी क्षेत्र असतं, एकटा माणूस कुठं कुठं पुरणार.

आता वणव्याचं. वणवा विझवायला जायच्या आधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे आणि ते दिवाळीनंतर सुरू होतं. पावसाळ्यात कमरेएवढं वाढलेलं कुसळी गवत नोव्हेंबरपासून वाळायला लागतं. तेव्हा प्रत्येक रोपाभोवती हातभर त्रिज्येचं गोल आळं करून त्यातलं गवत मुळापासून काढायचं, म्हणजे आग आली तरी रोपापर्यंत येता येता तिला खायला काही मिळत नाही. तुमच्या पाचशे रोपांना नुसतं एवढं झालं असतं तरी चित्र वेगळं असतं, हे मी खात्रीनं सांगतो. दुसरं म्हणजे जाळरेषा, म्हणजे डोंगराच्या कडेनं आणि रस्त्याच्या बाजूनं काही मीटर रुंदीचा पट्टा गवत काढून मोकळा करायचा. वनखातं तो पट्टा थंडीत स्वतःच्या देखरेखीखाली जाळून घेतं, आपण स्वतः काडी लावायची नाही, कधीच नाही. आपण कापणी करायची, पालापाचोळा बाजूला ओढायचा.

आणि प्रत्यक्ष आग लागली तर गार्ड बरोबर नसताना वर चढू नका. आग चढावर पळते, दुपारनंतर वारं सुटलं की तर माणसापेक्षा जोरात. १९२६ हा वनखात्याचा टोल फ्री नंबर आहे, तो मोबाईलमधे आत्ताच सेव्ह करा, धूर दिसला की लगेच फोन, कुठल्या गावाच्या कुठल्या अंगाला ते नीट सांगायचं. ह्या एका फोननं आमचा एक अख्खा उतार वाचलाय.

मुलीला नक्की आणा. आळी करणं, बिया गोळा करणं, रोपांची मोजणी, हे सगळं मुलं मोठ्यांपेक्षा मन लावून करतात. पायात बूट, फुल पँट, आणि दगडाखाली हात घालायचा नाही हे पहिल्या दिवशी शिकवायचं, कारण फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत इकडं.

सीडबॉल_की_नाही

मधेच विचारतो, सीडबॉलचं, म्हणजे बी घालून केलेल्या मातीच्या गोळ्यांचं काय? आमच्या सोसायटीनं हजार बनवलेत मुलांकडून, जूनमधे फेकायचेत.

डोंगरभटक्या

मुलांनी माती हाताळली, बिया ओळखल्या, ते चांगलंच झालं. पण उघड्या कातळावर फेकलेल्या गोळ्यातून झाड होईल अशी आशा मी तरी धरत नाही, मुंग्या-उंदीर नेतात, नाहीतर उगवून ऑक्टोबरच्या उन्हात जातं. त्याच बिया पिशवीत रुजवून सोसायटीच्या गच्चीवर दोन वर्षं वाढवा आणि कमरेएवढी रोपं देवराईला द्या. आणि बिया कसल्या आहेत ते बघा, गुलमोहर, सुबाभूळ, ग्लिरिसिडिया असेल तर डोंगरावर अजिबात नको.

माळटिटवी

मी येवल्याची आहे, नोकरीनं नाशकात. वरचं सगळं पटलं पण एक गोष्ट कोणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते, आणि जरा कळकळीनं लिहिते. सगळीकडं झाडं लावायची नसतात!

नाशिक जिल्हा म्हणजे एक हवामान नाही. त्र्यंबक-इगतपुरीकडं २००० मिमीच्या वर पाऊस होतो आणि आमच्याकडं येवल्याला ५००-६०० च्या आसपास. तिकडं जंगल आहे, इकडं माळ आहे, आणि माळ हे उजाड झालेलं जंगल नव्हे, ते मुळातच गवताचं राज्य आहे. सरकारी कागदावर ब्रिटिशांच्या काळापासून त्याला पडीक म्हणतात म्हणून आपल्यालाही तसंच वाटतं. ममदापूर-राजापूरला या कधीतरी, २०१४ मधे काळविटांसाठी संवर्धन राखीव झालंय. सकाळच्या उन्हात नर कळपाच्या पुढं उभा असतो तेव्हा तुम्हाला कळेल की त्याला लांबवर दिसायला पाहिजे, पळायला मोकळं पाहिजे. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल, माळटिटवी, पखुर्डी, ह्या सगळ्यांचं घर तेच. ह्यातले बहुतेक पक्षी जमिनीवर उघड्यावर अंडी घालतात. तिथं आपण पुण्य म्हणून ओळीनं झाडं लावली की खड्ड्यांसाठी जमीन उकरली जाते, गवत सावलीनं मरतं, आणि कावळ्यांना बसायला फांदी मिळते, तिथून घरटी सापडतात.

माझ्या लहानपणी आमच्या शेतामागच्या माळावर एप्रिलमधे टिटवीची अंडी चार दगडात दगडासारखी पडलेली असायची, आजी आम्हाला पाय कुठं टाकायचा ते सांगायची. तो माळ आता खड्डे आणि वाळलेल्या काड्या एवढाच उरलाय, कोणी लावली, कोणत्या योजनेत, ते काढण्यात अर्थ नाही. टिटव्या गेल्या तिथनं.

मग माळावर कामच नाही का, तर भरपूर आहे. ग्लिरिसिडिया, सुबाभूळ आणि वेडी बाभूळ ह्यांची लहान रोपं उपटायची. बाटल्या आणि कुरकुऱ्याची पाकिटं उचलायची. गाड्या गवतात घालणाऱ्यांना समजावायचं. उन्हाळ्यात पाणवठे भरतात तिथं मदत. आणि मोजणी, कुठं किती जोड्या दिसल्या, घरटं कुठं होतं, तारीख टाकून. वहीत लिहिलेलं असलं की उद्या कोणी तिथं काही आणायला निघालं तर आपल्याकडं दाखवायला काहीतरी असतं. तुमची टेकडी मुळात काय होती हे पहिल्यांदा गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, मग ठरवा झाड की गवत.

सिडकोचे_काका

ताई तुमचं माळाचं म्हणणं मान्य, ते मला ठाऊक नव्हतं. तरी पण शहराला लागून असलेल्या टेकड्यांवर झाडं लावू नका असा अर्थ कोणी काढू नये म्हणून लिहितो. मी रिटायर होऊन सहा वर्षं झाली. घराजवळच्या टेकडीवर रोज सकाळी पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन चढतो. लावली शंभरच्या वर, आज जिवंत ६२, त्यातली पहिली वीस-बावीस आता पाणी मागत नाहीत.

माझी पद्धत लिहून ठेवतो, कुणाला उपयोगी पडेल. खड्डा मे महिन्यात, दीड फूट बाय दीड फूट, खोल पण तेवढाच. तो महिनाभर उन्हात तापू द्यायचा. पहिला पाऊस जमिनीत चांगला मुरल्यावर रोप. पिशवी फाडून बाहेर काढायची, मी कित्येक रोपं प्लास्टिकसकट पुरलेली उकरून काढलीयत. रोप कमीत कमी कमरेएवढं, वीतभराची रोपं शेळीच्या एका घासाची. झाड कोणतं, तर टेकडीवर आधीपासून जे आहे तेच, आमच्याकडं पळस, खैर, बोर, आपटा, काटेसावर, बहावा, मेडशिंग. ओढ्याकडंला करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. दिवाळीनंतर आळ्यात वाळकं गवत जाड पसरायचं म्हणजे ओल टिकते, आणि फेब्रुवारी आला की तेच गवत आगीला सरपण होतं म्हणून काढून त्याजागी दगड रचायचे. हे दगडाचं मला दोन उन्हाळे गेल्यावर सुचलं. दगडाखाली ओल राहते आणि जळत पण नाही. उन्हाळ्यात आठवड्याला एक कॅन दोन रोपांना पुरतो, रोपाशेजारी छोटं मडकं पुरून त्यात ओतलं तर अजून कमी लागतं.

बाळा, तुझ्या मुलीला घेऊन ये एखाद्या रविवारी. दहाच झाडं घ्या, पण तीन उन्हाळे त्यांचे तुम्ही.

पाथर्डीफाटा_८१

काका, ताई, दादा, मनापासून आभार. मी आणि बायको दोघांनी बसून वाचलं. ताईंचं वाचून खरंच विचारात पडलो, कारण आमच्या त्या टेकडीवर काय होतं आधी हे आम्ही साठ जणांपैकी एकानंही विचारलं नव्हतं. अकरा जिवंत राहिलेली रोपं आहेत त्यांचं काय करू? आणि अजून एक, तिथं खालच्या अंगाला घाणेरी (लँटाना) माजलीय, माणूस शिरू शकणार नाही एवढी. ती तोडावी का? मागे एका ग्रुपनं तोडली होती म्हणे, दुप्पट आली.

डोंगरभटक्या

दुप्पट येणारच, वरून तोडली की बुंध्यातून पाच-सहा नवीन फांद्या फुटतात. ही मूळची अमेरिका खंडातली, इंग्रजांनी १८०० च्या सुरुवातीला बागेसाठी कलकत्त्याला आणली आणि तिथून देशभर झाली. तिच्या बुंध्याशी, जिथं खोड संपून मूळ सुरू होतं ना, तिथं सगळे फुटवे फुटायची ताकद असते. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू ह्यांनी बसवलेली पद्धत आम्ही वापरतो, कुदळीनं बुंध्याशेजारची माती उकरायची, मुख्य मूळ जमिनीखाली दीड-दोन इंचावर तोडायचं, सगळं झुडूप उचलायचं आणि मुळं आभाळाकडं करून उलटं ठेवायचं. मातीला टेकलं नाही की वाळून जातं. दोघं लागतात, एक जण काठीनं फांद्या दाबून धरणारा आणि एक कुदळीवाला. पावसात माती मऊ असते तेव्हा निम्मी मेहनत.

पण तीन गोष्टी सांभाळा. फळं धरायच्या आत काढा, बुलबुल आणि साळुंक्या ती फळं खाऊन झाडाखाली बिया टाकतात, म्हणून मोठ्या झाडाखाली पुढची दोन-तीन वर्षं परत परत जाऊन बारकी रोपं उपटावी लागतात. एकदम सगळी काढू नका, ससे, तित्तर, लावे त्यातच लपतात, तेव्हा गुंठा-दोन गुंठ्याचा तुकडा घ्या. आणि मोकळी झालेली जमीन तशीच सोडलीत तर तिथं रानमोडी नाहीतर गाजरगवत बसेल, म्हणून लगेच त्याच डोंगरावरच्या गवताचं बी टाका, मारवेल, डोंगरी, पवन्या जे तिथं असेल ते. आत शिरायच्या आधी काठी आपटून आवाज करा, घाणेरीत बिबट्या पण बसतो, आपल्याकडं हे काही नवीन नाही.

अकरा रोपं जगली ना, ती सोडू नका. वणव्यातून आणि उन्हाळ्यातून पाण्याशिवाय उरलेली आहेत, ती कुठली आहेत ते ओळखा, त्या जागेला काय मानवतं ते त्यांनीच सांगितलंय.

ब्रह्मगिरीच्या_पायथ्याचा

मी त्र्यंबक तालुक्यातल्या गावचा, शेती आहे, आमच्या गावच्या वन समितीत पण आहे. शहरातल्या लोकांबद्दल राग नाही पण काही गोष्टी आमच्या बाजूनं पण ऐका.

वणवा लागला की गावानं लावला असं लगेच बोललं जातं. काही वेळा ते खरं असतं. आमच्याकडं भात-नागलीचं रोप करायला राब भाजतात, म्हणजे वाफ्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरून उन्हाळ्यात जाळायचं. वारं आलं की ठिणगी डोंगरात. काही म्हातारी माणसं अजून म्हणतात गवत जाळलं की पुढच्या साली चांगलं येतं. पण बरेच वेळा फिरायला आलेल्यांची सिगारेट, चुलीवरची पार्टी, ते पण कारण असतं आणि ते कोणी लिहीत नाही. आमच्या गावात आम्ही आता ठरवलंय, राब सकाळी वारं नसताना भाजायचा, बाजूनं हातभर जमीन खरडून, आणि पाण्याची घागर आणि दोन माणसं जवळ ठेवून. हे गार्डनं सांगून झालं नसतं, गावच्या बैठकीत आमच्याच मावश्या बोलल्या तेव्हा झालं, कारण वणव्यानं डोंगर गेला की सरपण आणि रानभाजी आणायला त्यांनाच लांब जावं लागतं.

दुसरं, गवत कापून नेणं हाच वणव्यावरचा सगळ्यात चांगला इलाज आहे. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आम्ही पाळतो, पण दिवाळीनंतर गवत कापायला समिती परवानगी देते. आता गावात जनावरं कमी झालीत, पोरं सातपूर-अंबडला कामाला जातात, कापणार कोण? गवत उभं राहतं, वाळतं आणि जळतं. तुम्ही लोक नोव्हेंबर-डिसेंबरात विळा घेऊन आलात तर आम्हाला ते रोपांपेक्षा जास्त कामाचं आहे. विळा धरायला आम्ही शिकवू. कापलेलं गवत गावातल्या ज्याच्याकडं गाई आहेत त्याला, नाहीतर गोशाळेला.

तिसरं अंजनेरीचं. पावसाळ्यातल्या रविवारी तिथली गर्दी बघितलीच असेल. तो डोंगर २०१७ ला संवर्धन राखीव झाला, त्याच्या कड्यावर गिधाडं घरटी करतात, आणि पठारावर कंदीलपुष्पाची एक जात आहे जिला अंजनेरीचंच नाव दिलंय, सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ मधे शास्त्रज्ञांनी तिची पहिल्यांदा नोंद केली. वीतभर झाड, गवतात दिसत पण नाही, माणसं फोटोसाठी वाट सोडून पसरतात आणि ते तुडवतात. काहीजण कंद उपटून नेतात. तुमच्यातल्या कोणाला झाडं लावायची नसतील, घाम गाळायचा नसेल तर जुलै ते सप्टेंबर नुसतं पठारावर उभं राहून लोकांना पायवाटेवर ठेवा, वनखात्याला विचारून. गोड बोलून ऐकतात लोक. आमच्या पोरांनी सांगितलं तर ऐकत नाहीत, शहरातल्या माणसानं सांगितलं की ऐकतात, हे खरं आहे, वाईट वाटलं तरी.

आणि येताना गावात या, चहा घ्या, कोण आहात ते सांगा. डोंगरावर परस्पर जाऊन परस्पर परत जाऊ नका.

माळटिटवी

भाऊ, शेवटचं वाक्य एकदम पटलं. हरसूलकडं खोरीपाड्याला गिधाडांसाठी जे खाद्य टाकायची जागा केलीय तिथंही गावच्या लोकांमुळंच चाललंय असं बघितलंय. मेलेलं जनावर टाकताना त्याला डायक्लोफेनॅकसारखं दुखण्यावरचं औषध दिलेलं नाही ना हे गावातल्या माणसालाच माहीत असतं, कारण ते दिलेलं जनावर खाल्लं की गिधाडं मरतात. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ मधेच बंदी आली, पण तोवर देशातली बहुतेक गिधाडं संपली होती. एवढं सांभाळून वाढवलेलं एकेक पिल्लू आहे.

गोदाकाठ_निफाड

डोंगराचं सगळ्यांनी सांगितलं, मी पाण्याचं सांगतो. नांदूरमधमेश्वर शहरापासून तासाभरावर आहे. गोदावरी आणि कादवा जिथं मिळतात तिथं इंग्रजांच्या काळातला बंधारा, त्यात वर्षानुवर्षं गाळ साचून बेटं झाली, उथळ पाणी झालं आणि पक्षी यायला लागले. १९८६ ला अभयारण्य, आणि २०२० मधे राज्यातली पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. हे मी अभिमानानं सांगतो कारण आमची गावं आहेत ही.

इथलं काम डोंगरापेक्षा वेगळं. जलपर्णी काढणं हे एक, पण ते होडीवाल्यांबरोबर आणि वनखात्याच्या सांगण्यावरूनच, कारण मागे काही उत्साही मंडळींनी जलपर्णीबरोबर पाणकणीस पण उपटून टाकलं. जांभळ्या पाणकोंबड्या त्यातच राहतात हो. पाणथळीत नीटनेटकं दिसतं ते चांगलं असं नसतं, चिखल पाहिजे, कणीस पाहिजे, अर्धी बुडलेली वाळकी बाभूळ पण पाहिजे, चित्रबलाक आणि पाणकावळे तिच्यावरच बसतात.

नवीन माणसासाठी सगळ्यात चांगलं काम म्हणजे पक्षी मोजणी. थंडीत होते, जानेवारीत तर देशभर पाणपक्ष्यांची होते. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, वारकरी, क्रौंच, दहा-बारा पक्षी ओळखता आले की तुम्ही उपयोगाचे झालात, बाकी आमचे गावचे गाईड शिकवतात. नऊ वर्षांच्या मुलीला दुर्बिणीशेजारी वही घेऊन बसवा, आकडे लिहायला. आमच्याकडं अशीच लिहायला बसलेली एक मुलगी आता आवाजावरून पक्षी सांगते.

आणि एक काम असं की ज्याला परवानगी नको, पैसे नको, लांब जायला नको. संक्रांत झाली की नाशिक-येवल्यात झाडांवर मांजा लटकत असतो, नायलॉनवर बंदी असूनही. तो पावसातही कुजत नाही, पक्ष्यांचे पंख कापले जातात, रात्री वटवाघळं अडकतात. संक्रांतीनंतरचे दोन रविवार लांब बांबूला आकडा बांधून आपल्या कॉलनीतला, नदीकाठचा मांजा उतरवा आणि गुंडाळून तुकडे करून टाका. गेल्या वर्षी आम्ही चार जणांनी एका पिंपळावरून उतरवलेला मांजा दोन पिशव्या भरून होता. एक घुबड जिवंत सुटलं, ते उडेपर्यंत आम्ही तिथंच बसून होतो.

पाथर्डीफाटा_८१

पाच महिन्यांनी परत लिहितोय, तेव्हा विचारलं होतं म्हणून काय झालं ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

मे महिन्यातच रेंज ऑफिसला गेलो, तीन चकरा झाल्या. गार्ड दादांबरोबर त्याच टेकडीवर गेलो आणि पायथ्याच्या वस्तीतल्या एका आजोबांना भेटलो. ते म्हणाले वरचा सपाट भाग कायम गवताचाच होता, त्यांच्या लहानपणी तिथं लावे पकडायचे, झाडी होती ती फक्त ओहोळाच्या दोन्ही अंगांना. जगलेली अकरा रोपं कुठं आहेत बघितलं तर नऊ ओहोळाच्याच कडेची, करंज आणि आपटे. मग वर काहीच लावायचं नाही असं ठरवलं. पावसाळ्यात ओहोळाशेजारी फक्त चाळीस रोपं लावली, काकांच्या पद्धतीनं, काकांनीच त्यातली पंधरा दिली. घाणेरी दीड गुंठा काढली, उलटी करून, त्यातली थोडी सप्टेंबरात परत फुटली ती पुन्हा काढली. कंपनीतून पहिल्या रविवारी चौदा जण आले होते, आता पाच येतात पण ते पाच नक्की येतात.

मुलीनं यावेळी दोरा बांधला नाही. प्रत्येक रोपाला नंबर दिलाय आणि वहीत दर महिन्याची उंची लिहिते, सदतीस नंबर शेळीनं खाल्लं तर त्यापुढं "परत फुटतंय" असं लिहून ठेवलंय. एका रविवारी वरच्या गवतात तिला लाव्यांचा थवा दिसला, एकदम पायाखालून भुर्रकन उठला, घाबरून मला चिकटली आणि मग दिवसभर तेच.

आता दिवाळीनंतर आळी आणि वरच्या बाजूची गवतकापणी आहे. वस्तीतले तिघं आणि त्र्यंबककडचे भाऊ विळा शिकवायला येतो म्हणालेत. आमच्याकडं विळे चार आहेत, अजून पाच-सहा लागतील, कोणाकडं पडून असतील तर कळवा, धार आम्ही लावून घेऊ. पहिला रविवार, सकाळी सहाला पाथर्डी फाट्यावर भेटायचं, पाणी आणि टोपी आपापली.

सिडकोचे_काका

माझ्याकडं दोन विळे आहेत, आणतो. पन्नास नंबरपर्यंत जागा ठेव वहीत, माझ्याकडं अजून दहा करंज तयार आहेत, पुढच्या जूनला लागतील.